कंट्रोलरसाहेबांनी आखलेली सहल

त्यांना सगळं गाव टीचर म्हणायचं. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. गावच्या तलावावर त्या मुलींना पोहायला शिकवायच्या. शिट्टी गळ्यात, केस टोपीत, आणि आवाज असा की पाण्याखालच्या मुलीनेही दचकून वर यावं. गावातल्या अर्ध्या बायका त्यांच्या तळहातावर तरंगायला शिकल्या होत्या. नवरा बस डेपोत कंट्रोलर. खिडकीत बसून गाड्या सोडायच्या, ड्रायव्हर-कंडक्टरच्या ड्यूट्या लावायच्या आणि रांगेत घुसणाऱ्याला माइकवरून चार शब्द सुनवायचे, यात त्यांची नोकरी सरली. बाहेर ते साहेब, घरात ‘अहो’.

दोघंही निवृत्त झाली, आता जरा हिंडू-फिरू म्हणाली, आणि टीचरच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. डाव्या हातात दोन जाड सुया, शेजारी गरगरणारं मशीन, आणि चार-चार तास छताकडे बघणं. ज्या बाईचा जन्म पाण्यात गेला, तिला पाणी मोजून मिळू लागलं. दिवसाची एक छोटी बाटली. गोळ्याही त्यातच गिळायच्या. साहेबांना तहान लागली की ते मागच्या दारी जायचे आणि पाठमोरे उभे राहून, आवाज न करता प्यायचे.

“मांजरासारखं डोळे मिटून काय पिता?” टीचर आतून ओरडायच्या. “दिसतंय मला!”

“कुठे काय! हात धूत होतो.”

डायलिसिसच्या खोलीत भिंतीवर एक टीव्ही होता. आवाज कायम बंद. एकदा त्यावर एक बोट दिसली. दोन्ही बाजूंना आभाळात घुसलेले कडे, मधून हिरवंगार पाणी, आणि त्यातून ती बोट मुंगीसारखी चाललेली. टीचर बराच वेळ बघत राहिल्या.

“इतकं पाणी!” त्या म्हणाल्या. “प्यायचं नाही, ते कळलं. पण बघायला काय हरकत आहे?”

त्या गमतीने म्हणाल्या. पण शेजारच्या खुर्चीतल्या माणसाने उभी हयात वेळापत्रकं लावण्यात घालवली होती. साहेबांनी घरी येऊन चष्मा पुसला आणि फोन हातात घेतला.

सहल चार दिवसांची होती. आधी रुंद पात्र, मग डोंगर, आणि शेवटी ती अरुंद घळई. अडचण एकच. निघायच्या आदल्या दिवशी डायलिसिस करून घेतलं, तरी तिसऱ्या दिवशी पुन्हा करावंच लागणार. साहेबांनी नदीकाठची गावं एकेक करून विचारत आणली. तिसऱ्या दिवशी बोट जिथे थांबते, लोक धबधबा बघायला उतरतात, त्या गावात एक लहानसं हॉस्पिटल होतं आणि हॉस्पिटलात मशीन होतं! हे कळलं त्या दिवशी त्यांनी शेजाऱ्यांनाही चहा पाजला.

मग फोनांचा सपाटा सुरू झाला. हॉस्पिटलच्या सिस्टरना फोन. बोटीच्या आचाऱ्याला फोन: मीठ नको, केळं नको, बटाटा उकडून पाणी फेकून द्यायचं. धक्क्यावरच्या माणसाला फोन: चढताना खुर्ची मिळेल ना? बोट चालवणाऱ्या सारंगाला फोन. तो काय विचारायला, हे त्यांनी घरात सांगितलं नाही. टीचर पलंगावरून ऐकत आणि हसत.

“अहो, बाळंतिणीची एवढी बडदास्त नसते.”

“तू गप पड. गाडी सुटताना पॅसेंजरने बोलायचं नसतं.”

मुलीला मात्र हे पटेना. तिला घरात चिमणी म्हणत. ती गावातच राहायची, औषधांच्या दुकानात कामाला होती, आणि आजाराची भाषा तिला या दोघांपेक्षा जास्त कळायची.

“बाबा, मध्येच बीपी पडलं तर? डोंगरात ना रस्ता, ना अँब्युलन्स.”

“इतकी वर्षं गाड्या सोडल्या मी. एक गाडी वाटेत अडकू दिली नाही.”

“आई म्हणजे बस नाहीये, बाबा!”

“म्हणून तर बोटीने नेतोय.”

चिमणी डबा आपटून निघून गेली. आठवडाभर बाप-लेकीत अबोला होता. शेवटी डॉक्टरांनीच परवानगी दिली, तेव्हा ती एवढंच म्हणाली, “जा. पण फोन चालू ठेवा.”

निघायला तीन आठवडे उरले होते. त्या दिवशी टीचरना मशीनवर लावून साहेब बाजारात गेले. बोटीच्या ओल्या फळ्यांवर घसरणार नाहीत अशा रबरी तळाच्या चपला हव्या होत्या. टीचरचे पाय सुजायचे, म्हणून त्यांनी सुजलेल्या पायाचं माप दोऱ्यावर घेऊन ठेवलं होतं. दुकानदाराने जोड काढून दाखवले. साहेबांनी दुसरा रंग मागितला. तो आत जाऊन परत आला, तर साहेब बाकावर मान टाकून बसलेले. म्हातारा माणूस, उन्हातून आलाय, डुलकी लागली असेल, म्हणून त्याने पंखा वाढवला. बऱ्याच वेळाने खांद्याला हात लावला, तेव्हा त्याला समजलं.

टीचरचं मशीन अजून चालू होतं. दारातून चिमणी आत आली. दुकानाचा एप्रन तसाच अंगावर, चपला दोन वेगवेगळ्या.

“तू कशी? बाबा कुठेत?”

“येतायत,” चिमणी म्हणाली आणि बापाच्या खुर्चीत बसली.

टीचरनी तिच्या पायांकडे बघितलं. हातात सुया होत्या. उठता येत नव्हतं. अंगातलं सगळं रक्त नळ्यांतून बाहेर जाऊन परत येत होतं, ते बघत त्या मशीन थांबेपर्यंत पडून राहिल्या. सुया काढल्यावर, हातावर पट्टी दाबून धरलेली असताना, त्या म्हणाल्या, “नंबर माझा होता, चिमणे. सगळ्यांना माहीत होतं नंबर माझा आहे. आणि हा माणूस घुसला मेला रांगेत!”

उभ्या आयुष्यात त्यांनी नवऱ्याला अरे-तुरे केलं नव्हतं. तोंडून गेलेला शब्द कानांवर आला तशी त्यांनी जीभ चावली आणि पट्टीचा हात तोंडावर दाबला.

करायचं ते सगळं झालं. माणसं आली, बसली, गेली. डायलिसिसला मात्र सुतक नव्हतं. एक दिवस सोडून टीचर पुन्हा त्याच पलंगावर होत्या. शेजारची खुर्ची कुणीतरी हलवून भिंतीला लावली होती.

“ती तिथेच ठेवा,” त्या नर्सला म्हणाल्या.

बोटीचं कुणाच्या डोक्यातही नव्हतं. एका दुपारी टेबलावर पडलेला साहेबांचा फोन वाजला. चिमणी स्वयंपाकघरात होती. टीचरनी उचलला.

“साहेब, मी सिस्टर बोलतेय,” पलीकडून एक उत्साही आवाज आला. “मिसेसचे रिपोर्ट अजून आले नाहीत तुमचे. खिडकीजवळचा बेड ठेवलाय हं, तुम्ही म्हणालात तसा. नदी दिसते तिथून.”

“मी मिसेस बोलतेय,” टीचर म्हणाल्या.

“अय्या, तुम्हीच का! साहेब तुमचं इतकं सांगतात ना! मग येताय ना नक्की?”

टीचरनी तोंड उघडलं.

“येतोय आम्ही,” त्या म्हणाल्या. “रिपोर्ट पाठवते.”

चिमणी ओले हात घेऊन दारात उभी होती. “आई! काय बोललीस तू?”

“मला काय माहीत. तिला खरं सांगायला तोंड उघडलं, तर हेच बाहेर पडलं.”

पूर्वी तिने जे जे मुद्दे काढले होते ते सगळे अजून जागच्या जागी होते. रस्ता नव्हता, अँब्युलन्स नव्हती. तिने हात पुसले आणि दुकानात रजा सांगायला फोन केला.

धक्क्यावर एक दांडगा माणूस खुर्ची घेऊन उभाच होता. टीचरच्या हाताची पट्टी बघून पुढे आला. “तुम्हीच ना त्या? या, बसा. साहेब कुठायत? मला म्हणाले होते, एक बाजू तू धर, एक मी धरतो.”

“ते नाही आले,” चिमणी घाईने म्हणाली. “मी धरते.”

माणूस जरा हिरमुसला. मायलेकी एकमेकींकडे न बघता बोटीवर चढल्या.

दुपारच्या जेवणाला टीचरचं ताट वेगळं आलं. सगळं बिनमिठाचं, पण लिंबू, जिरं, कोथिंबीर घालून निगुतीने केलेलं. मागोमाग आचारी स्वतः आला, खांद्यावर फडकं टाकून.

“साहेबांना बोलवा की. म्हणाले होते, आधी मी चव घेणार, मग बायकोला देणार. तीन-तीनदा फोन! माझ्या सासूने कधी इतक्या सूचना दिल्या नसतील.”

चिमणी बोलणार, तेवढ्यात टीचर म्हणाल्या, “वारले हो ते.”

आचाऱ्याचं हसू ओठांवरच राहिलं. “काय सांगता! अहो, माझ्याशी आत्ता-आत्ता तर बोलले...”

“हो. आमच्याशीही.”

जाताना त्याने तिथली रिकामी खुर्ची उगाच सरळ केली. त्या दिवसापासून दर जेवणाला तो स्वतःच ताट आणून ठेवायचा, आणि टीचरनी पहिला घास घेईपर्यंत थांबायचा. त्यांना घास जात नव्हता. पण तो उभा आहे म्हणून त्या जेवायच्या.

पहिले दोन दिवस नदी रुंद होती. लोक फोटो काढत होते, पत्ते खेळत होते. टीचर कठड्याशी बसून पाणी बघायच्या. कुठे ओढ आहे, कुठे भोवरा आहे, त्यांना वरूनच कळायचं. पण बघताना मध्येच मान शेजारी वळायची, काहीतरी सांगायला, आणि शेजारी चिमणी असायची.

तिसऱ्या दिवशी ते गाव आलं. लोक धबधब्याकडे गेले आणि या दोघी हॉस्पिटलात. फोनवरच्या आवाजावरून टीचरना वाटलं होतं, सिस्टर विशीतली असेल. ती चांगली पन्नाशीची, भरल्या अंगाची बाई निघाली. तिने खिडकीजवळच्या बेडवर धुतलेली चादर घातली होती. बेडला लागून एक खुर्ची, खुर्चीवर उशी.

“साहेब म्हणाले, मला चार तास बसायचं असतं, पाठ धरते. म्हणून उशी. कुठे राहिले ते?”

चिमणीने आईकडे बघितलं. आता आई सांगेल, नाहीतर मला सांगावं लागेल, असं तिला वाटलं.

“मागनं येतायत,” टीचर म्हणाल्या.

“धबधबा बघायला गेले वाटतं! जाऊ देत, जाऊ देत. पुरुष माणसाला कुठे दम निघतो.”

सिस्टरने हलक्या हाताने सुया लावल्या. बोलतही राहिली, साहेबांनी फोनवर केलेले विनोद टीचरनाच सांगत राहिली. टीचर ऐकत होत्या. एका विनोदाला तर त्या खरंच हसल्या. तो त्यांनी आधी ऐकला नव्हता. चिमणी उशीला टेकून खिडकीबाहेर बघत बसली, आणि तिचे खांदे मधूनमधून हलत होते.

चौथ्या दिवशी सकाळी बोट घळईत शिरली. कडे जवळ येत येत इतके जवळ आले की आभाळाची नुसती चिंधी उरली. ऊन गेलं, गारवा आला. लोकांचं बोलणं आपोआप थांबलं. टीव्हीत दिसलं होतं त्याहून पाणी काळं होतं. टीचर पुढच्या टोकाला बसल्या होत्या. सुकाणू मदतनिसाकडे देऊन म्हातारा सारंग तिथे आला आणि नमस्कार करून उभा राहिला.

“आचाऱ्याने सांगितलं मला साहेबांचं. वाईट झालं. माझ्याशीही बोलले होते ते.”

“काय विचारत होते तुम्हाला?” टीचर म्हणाल्या. “मला सांगितलं नव्हतं त्यांनी.”

सारंग घुटमळला. “आता सांगायला हरकत नाही. म्हणाले, बोट फार हलते का हो? मला पाण्याची भीती वाटते. लहानपणापासून. कुठे बसलो तर पाणी कमी दिसेल, ते सांगून ठेवा. आणि बायकोच्या कानावर घालू नका म्हणाले. ती पोहण्याची मास्तरीण आहे, लाज जाईल माझी.”

टीचर त्याच्याकडे बघतच राहिल्या. इतकी वर्षं तलावावरचा वर्ग सुटला की साहेब जाळीच्या बाहेर टॉवेल घेऊन उभे असायचे. उतरा म्हटलं की म्हणायचे, मला सर्दी होते. मुली हसायच्या, त्याही हसायच्या.

“मला सांगायचं ना हो,” त्या म्हणाल्या. सारंगाला नव्हे. “किती भित्र्या पोरी शिकवल्या मी. तुम्हाला नसतं का शिकवलं?”

मग त्या रडल्या. साहेब गेल्यापासून पहिल्यांदाच, मोठ्याने, तलावावरच्या त्या आवाजात. ते रडणं कड्यांवर आपटून परत येत होतं. लोकांनी माना वळवल्या. चिमणी धावत आली आणि आईला मागून मिठी मारून बसली. घळई संपेपर्यंत दोघींनी डोळे वर करून एकही कडा पाहिला नाही.

दुपारी बोट शेवटच्या धक्क्याला लागली. लोक सामान काढू लागले. टीचर मात्र बसूनच होत्या.

“चल, आई. गाडी आलीय.”

“चिमणे, आता कुणाला सांगायचं राहिलंय का गं?”

चिमणीने विचार केला. “नाही. खुर्चीवाल्याला आचारी सांगणार आहे. फक्त त्या सिस्टर राहिल्या. घरी गेल्यावर मी फोन करते त्यांना.”

“नको.”

“अगं, पण बाबा आले का नाहीत, याचा विचार करत असतील त्या. पुन्हा फोन करतील बाबांना.”

“करू दे,” टीचर म्हणाल्या, आणि लेकीच्या खांद्यावर हात देऊन उठल्या.