मी रायफल होते, आता पिस्तूल आहे

मित्रांनो, मी एक जुनं पिस्तूल आहे. पण नुसतं 'पिस्तूल' म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जे उभं राहिलं असेल, ते मी नाही. माझं अंग लांबुळकं आहे, नळी चांगली पुढे आलेली आहे, आणि मला पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास म्हणतो, "अरे, ही तर बुटकी रायफल!" म्हणू द्या. पूर्वी मला त्याचं फार वाटायचं, आता काही वाटत नाही. दारूगोळ्याशी माझा संबंध नाही, मी हवेच्या दाबावर छर्रे मारते. जत्रेत फुगे फोडायला जी बंदूक देतात, ती माझी गरीब बहीण म्हणा हवं तर.

एक घोटाळा आधीच सांगून टाकते. मराठीत रायफल 'ती' आणि पिस्तूल 'ते'. मी दोन्ही होऊन बसले, तेव्हा स्वतःबद्दल बोलायचं कसं? जन्माने मी रायफल, म्हणून 'होते', 'गेले' हीच सवय जिभेला लागली आहे. तेवढी चालवून घ्या.

कतारमध्ये अल खोर गावाबाहेर, वाळवंटाच्या कडेला, नेमबाजीचा एक छोटा क्लब होता. तिथे मी शिकाऊ मुलांची रायफल होते. नवीन पोरं यायची, माझा लाकडी दस्ता खांद्याला लावायची, गाल माझ्यावर टेकवायची आणि श्वास रोखून समोरच्या कागदावर नेम धरायची. कागदाच्या मधल्या काळ्या ठिपक्यात छर्रा गेला की मुलांच्या आधी मलाच आनंद व्हायचा. मला वाटायचं, खांद्यावर बसायला नशीब लागतं. मूठभर पिस्तुलांकडे मी जरा नाक मुरडूनच बघत असे.

गर्वाचं घर खाली, म्हणतात ना? एकदा मी टेबलावरून पडले. दस्ता फुटला, नळीचं टोक चेपलं. क्लबच्या बंदुका दुरुस्त करणारा उस्मान केरळचा, कमी बोलणारा माणूस. त्याने चेपलेला तुकडा कापून काढला, उरलेली मी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि मोडक्या सामानाच्या पेटीत ठेवून दिली. त्या पेटीत मी किती दिवस पडून होते, मला सांगता यायचं नाही. बाहेर अल खोरचं तंबूच्या आकाराचं स्टेडियम वर येत होतं, वर्ल्ड कपसाठी सगळा देश खणून ठेवला होता, आणि मी मात्र अडगळीत जमा झाले होते.

तिथून मला बाहेर काढलं ते अंतरासाठी.

अंतरा नववीत होती. तिचे बाबा संजीव रास लफानच्या गॅस प्रकल्पात इंजिनिअर, आई मृणालिनी, माणसं मूळची नाशिकची. क्लबमध्ये रायफल चालवणाऱ्या मुलींत अंतरा सगळ्यांत पुढे होती. तिची रायफल माझ्याहून कितीतरी भारी, त्यामुळे तिने मला कधी हातही लावला नव्हता. एका शुक्रवारी दोह्याहून घरी येताना, खणलेल्या रस्त्यावर त्यांच्या गाडीचा टायर फुटला. आईबाबा खरचटण्यावर निभावले. अंतराच्या मानेपासून डाव्या हाताकडे जाणाऱ्या नसा तुटल्या. ऑपरेशन झालं, व्यायाम झाले, पण तो हात खांद्यापासून नुसता लोंबत राहिला. गाडी संजीव चालवत होता. त्या घरात हे वाक्य कोणी उच्चारत नसे.

तर संजीव उस्मानकडे आला आणि म्हणाला की तिच्यासाठी एखादी हलकी, आखूड रायफल करून द्या. उस्मानने पेटीतून मला काढलं.

"साब, दो रास्ता है," तो म्हणाला. "पीछे लकडी लगाया, कंधे पे आया, तो छोटा रायफल. लकडी नहीं लगाया, हाथ पे पट्टा बांधा, तो पिस्तौल. क्लब का रूल है. कंधे को टच हुआ तो रायफल, नहीं हुआ तो पिस्तौल. बीच का कुछ नहीं. पिस्तौल एक हाथ से चलेगा."

"रायफल," संजीव लगेच म्हणाला. "हाथ ठीक हो जाएगा, इन्शाल्ला."

मृणालिनी हळूच म्हणाली, "अहो, अंतराला एकदा विचारूया का?"

"त्यात काय विचारायचं? तिचा खेळच रायफलचा आहे. हिला खांदा द्यायचा, बस्स."

"खांदा द्यायचा काय? काहीतरीच बोलता!" मृणालिनी एकदम म्हणाली. आपल्याकडे खांदा कधी देतात, ते संजीवच्या त्यानंतर लक्षात आलं असावं. अंतरा दाराबाहेरच खुर्चीवर बसली होती. हाकेच्या अंतरावर होती, पण हाक कोणी मारली नाही.

मला मात्र आनंदाचं भरतं आलं होतं. पुन्हा खांदा मिळणार! उस्मानने अक्रोडाच्या लाकडाचा सुरेख दस्ता घडवला, घासूनपुसून तेल पाजलं. मी रुबाबात अंतराच्या खांद्यावर चढले आणि पहिल्याच दिवशी माझं नाक जमिनीकडे झुकलं. रायफलला मागे खांदा लागतो तसा पुढे डावा हात लागतो. तो नव्हता. संजीव शेजारी उभा राहून तिचा डावा हात उचलायचा, माझ्याखाली आणून ठेवायचा, एकेक बोट माझ्याभोवती वळवायचा. त्याने सोडलं की हात खाली पडायचा. तो पुन्हा उचलायचा.

"जरा जोर लाव, बाळा. प्रयत्न कर."

"बाबा, स्टॉप. प्लीज," अंतरा म्हणायची. मराठी तिला सगळं कळायचं, पण उत्तर कायम इंग्रजीत.

मित्रांनो, त्या थंड बोटांचा स्पर्श मला अजून आठवतो. त्यांच्यात आडमुठेपणा नव्हता. त्यांना जमत नव्हतं, एवढंच. एके दिवशी अंतराने मला टेबलावर ठेवलं आणि ती आलीच नाही. पाठोपाठ कोरोनाची साथ आली, क्लबला कुलूप लागलं. कपाटात माझ्या आतलं रबर सुकलं, दस्त्यावर धूळ साचली. देखणा दस्ता, पण धरणारं कोणी नाही, तर करायचाय काय तो?

वर्ल्ड कपच्या वर्षी, उन्हाळ्याआधी, अंतरा परत आली. बरोबर फक्त आई होती, संजीव ड्यूटीवर होता. पोरगी उंच झाली होती. तिने मला कपाटातून काढून उस्मानपुढे ठेवलं.

"अंकल, लकडी निकाल दो. पट्टा लगाओ."

"पक्का?"

"पक्का."

उस्मानने आणखी काही विचारलं नाही. दस्त्याचा स्क्रू फिरू लागला तेव्हा मला रडूच फुटायचं बाकी राहिलं. रायफलचं पिस्तूल होणं म्हणजे मला पायरी उतरणं वाटत होतं. दस्त्याच्या जागी हात बसेल अशी एक छोटी पन्हळ आली आणि तिला पट्टा. अंतराने उजव्या हाताने माझी मूठ धरली, मृणालिनीने तो पट्टा तिच्या कोपराखाली आवळला. पहिला छर्रा कागदालाही लागला नाही. दुसरा कोपऱ्यात लागला. तिसरा काळ्या ठिपक्याच्या कडेला घुसला आणि अंतरा हसली. इतक्या दिवसांत तिचं हसणं मी पहिल्यांदा ऐकलं. माझा रुसवा कुठे गेला, माझं मलाच कळलं नाही.

संजीवला कळल्यावर तो रागावला नाही. दर शुक्रवारी तोच तिला घेऊन यायचा. पण कोणी विचारलं की म्हणायचा, "पिस्तूल तात्पुरतं आहे हो. हात आला की रायफल." आणि अंतरा दुसरीकडे बघायची.

वर्ल्ड कपच्या तोंडावर क्लबची स्पर्धा ठरली. त्यानंतर क्लबचं मैदान पाहुण्यांच्या गाड्या लावायला जाणार होतं. रस्त्यांवर देशोदेशीचे झेंडे लागले होते, आणि आमच्या पत्र्याच्या छपराखाली मुलं रांगेने उभी होती. पंच होत्या रुकैयाबाई. डोक्याला रुमाल, कडक नजर, बोलणं इंग्रजीत नाहीतर अरबीत. पहिल्या आठ जणांना पुढच्या वर्षीच्या संघात जागा होती. अंतराला ती जागा फार हवी होती. खरं सांगायचं तर तिला हात गेलेली मुलगी म्हणून नव्हे, नेमबाज म्हणून पुन्हा कुणीतरी मोजायला हवं होतं.

सुरुवात झकास झाली. पण एकच हात, त्यालाच सगळा भार. शेवटच्या फेरीला तिचा हात कापू लागला. तो थरकाप माझ्या नळीच्या टोकापर्यंत येत होता. दोरीच्या मागे, अगदी जवळ, संजीव उभा होता. तो हलक्या आवाजात मराठीत म्हणाला, "अंतरा, थोडी मागे घे. खांद्याला टेकव. कोणाच्या लक्षात येणार नाही."

परदेशात मराठी म्हणजे आपली कुलूपबंद भाषा. चारचौघांत बोला, घरातल्या घरात राहते, असं आपल्याला वाटतं. आणि त्याचं म्हणणं खोटंही नव्हतं. कोपर जरा वाकवलं असतं तर माझा मागचा भाग तिच्या खांद्याला टेकला असता, नेम स्थिर झाला असता. खांदा इतका जवळ होता, मित्रांनो!

अंतराने दातांनी पट्टा सोडवून मला समोरच्या टेबलावर ठेवलं, तोंड निशाणाकडेच ठेवून. मग मान वळवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, मराठीत म्हणाली, "नाही बाबा. हे पिस्तूल आहे. याला खांदा लागत नाही." तिने डाव्या हाताकडे पाहिलं. "आणि तो हात आता येणार नाहीये. मला माहितीये. तुम्हालाही माहितीये."

रुकैयाबाई संजीवजवळ आल्या.

"साहेब, मी दापोलीची," त्या मराठीत म्हणाल्या. "कळतं मला सगळं. पोरीने तुमचं ऐकलं नाही, म्हणून तिचे गुण कापत नाही. तुम्ही मात्र बाहेर जाऊन बसा."

संजीव बाहेर गेला. अंतराने डोळे पुसले, मला उचललं, आईकडून पट्टा आवळून घेतला आणि उरलेले छर्रे मारले. त्यातले दोन ठिपक्याच्या मधोमध गेले. आठवी जागा थोडक्यात हुकली. पण खाली उतरवताना तिने माझ्यावरून अंगठा फिरवला, आणि ती हरलेली मुलगी नव्हती, हे मला त्या अंगठ्यावरून कळलं.

मी पेटीत, पेटी अंतराच्या मांडीवर, आणि आम्ही सगळे गाडीत. संजीवने गाडी सुरू केली नाही. त्याने नाशिकला फोन लावला, स्पीकरवर. नाना म्हणजे त्याचे वडील. हाताचं खरं काय ते त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मोडलाय, बरा होतोय, एवढंच त्यांना ठाऊक.

"काय म्हणते आमची रायफलवाली?" नानांचा आवाज आला.

"नाना, रायफल सुटली तिची. पिस्तूल चालवते आता."

"का रे बाबा?"

"रायफलला दोन हात लागतात." संजीवने स्टिअरिंग घट्ट धरलं. "डावा हात गेला, नाना. परत येणार नाही. गाडी मी चालवत होतो."

मृणालिनीने तोंडावर पदर धरला होता. मग नाना म्हणाले, "फोन अंतराकडे दे."

"हं, नाना."

"उजवा हात दुखतो का गं तुझा?"

इतके दिवस सगळे डाव्याबद्दलच विचारत होते.

"हो नाना. खूप दुखतो."

"मग बापाला सांग, रोज तेल लावून चोळून दे म्हणावं. उजवा."

संजीव मागे वळला. त्याने तिचा उजवा हात दोन्ही हातांत घेतला आणि तसाच रडत बसला. अंतराने तो काढून घेतला नाही.

मित्रांनो, माझी काळजी घेणं सोपं आहे. वापरल्यावर पुसा, अधूनमधून तेलाचा थेंब द्या, आणि माझं तोंड कोणाकडेही, गंमत म्हणूनसुद्धा, वळवू नका. पण मला दोनदा घडवावं लागलं, आणि मधली इतकी वर्षं कपाटात गेली, त्याला कारण एकच. मला जी धरणार होती, ती दाराबाहेर खुर्चीवर बसली होती आणि तिला आत बोलावून कोणी विचारलं नाही. कोणासाठी मायेने काही करायला निघालात, तर आधी दारापर्यंत जा आणि त्यालाच विचारा.