कोऱ्या चिठ्ठ्यांची जुडी

मित्रांनो, तो शुक्रवार इतर शुक्रवारांसारखाच होता. दिघीहून आगरदांड्याला निघालेल्या फेरीबोटीत मी कठड्याजवळच्या नेहमीच्या कोपऱ्यात होते आणि माझ्या झाकणावर जयमालाबाई बसल्या होत्या. दोर सोडता सोडता बोटीवरच्या गुणाजीने दर शुक्रवारचा प्रश्न विचारला.

"काय बाई, पेटीत सोना नेताय का काय?"

"सोनं कुठलं रे! फाटके मोजे आहेत. उद्या पोरं त्यांच्या बाहुल्या करणार. तुझ्याकडे असतील तर दे."

"माजे मोजे? त्यांचा वास आला तं पोरा शाला सोडून पलतील!"

बाई हसल्या. मग त्यांनी मुलीला फोन लावला. मृणाली पनवेलला नोकरी करते. या वेळेला बाई तिला रोज एकच प्रश्न विचारत.

"काय पाहिलंस आज?"

"काही नाही गं आई. कामात आहे. रविवारी बोलू निवांत."

"बरं," बाई म्हणाल्या. फोन पिशवीत ठेवून त्या खाडीकडे पाहत राहिल्या. मला वाटले, उद्याही असेच होईल.

मी पत्र्याची पेटी. अलिबागच्या बाजारात एका कारागिराने मला ठोकून घडवले, माझ्या कडा दुमडल्या आणि मला हिरवा रंग दिला. जयमालाचे वडील दयाराम यांनी मला विकत घेतले, ते लेक शिक्षिका व्हायला निघाली म्हणून. त्यांच्या घरात शिक्षक होणारी ती पहिलीच. "आधी पुस्तकं ठेव, मग कपडे," ते तिला म्हणाले. झाकणावर तिचे नाव त्यांनी पांढऱ्या रंगात रंगवून घेतले. ते आता अर्धेच वाचता येते.

पुढे जयमाला 'बाई' झाल्या. दिघीच्या पुढे खाडीकाठी त्यांची दोन खोल्यांची शाळा. मग माझ्यात कपडे राहिलेच नाहीत. शिंपले, चिंचोके, फुटक्या बांगड्या, बटणे आणि जाळ्यांचे तुकडे यांनी मी भरून गेले. दर शुक्रवारी बाई मला घरी नेत, शनिवारच्या वर्गाची तयारी करत आणि सकाळी परत आणत. शनिवारी त्यांच्या वर्गात दप्तर उघडायचे नाही, असा नियम होता. बोटीतल्या माझ्या जागेला लोक 'बाईंची जागा' म्हणू लागले.

बाईंची आणखी एक पद्धत होती. त्यांच्या वर्गात हजेरी घेताना कोणी "हजर" म्हणत नसे. नाव पुकारले की मुलाने वाटेत काय पाहिले ते सांगायचे. बाई ते चिठ्ठीवर लिहीत आणि चिठ्ठी माझ्यात टाकत. एखादे मूल "काही नाही" म्हणाले, तर बाई रागवत नसत. नाव आणि तारीख लिहून तेवढीच कोरी चिठ्ठी ठेवत. "पाहिलंस की सांग. जागा ठेवली आहे," एवढेच म्हणत. बाहेरून आलेल्या माणसालाही यातून सुटका नव्हती. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनाही मुलांनी विचारले. साहेब घाम पुसत म्हणाले, "खड्डे!" तीही चिठ्ठी माझ्यात आहे. त्या दिवशी साहेबांनी माझे झाकण थोपटले आणि शेरेबुकात माझ्याविषयी चार ओळी लिहिल्या. मित्रांनो, पेटीलाही कौतुक आवडते.

मृणाली चौथीत असताना बाईंच्याच वर्गात होती. घरी 'आई' आणि शाळेत 'बाई', हे तिने चटकन शिकून घेतले होते. तिच्या सुरुवातीच्या चिठ्ठ्या सुरेख होत्या. "लाँचवरचा पक्षी तिकीट न काढता पलीकडे आला," अशी एक मला आठवते.

त्या वर्षी तालुक्याच्या प्रदर्शनासाठी प्रत्येक शाळेतून मुलाने केलेली एकच वस्तू जाणार होती. मृणालीने पोफळीच्या विरीची, म्हणजे झावळीच्या बुडाशी असते त्या रुंद सालीची, होडी केली. शीड, वल्ही, आत जाळे विणणारा बोटाएवढा म्हातारा. सगळा वर्ग तिच्याभोवती गोळा झाला. प्रफुल्लने मातीचा खेकडा केला होता. त्याचा एक पाय सारखा गळून पडत असे.

बाईंनी खेकडा पाठवला.

वर्ग रिकामा झाल्यावर त्यांनी ती होडी दोनदा उचलली आणि दोनदा खाली ठेवली. "लोक म्हणतील, स्वतःचीच पोरगी दिसली," असे त्या हळूच बोलल्या. ऐकायला फक्त मी होते. हेच त्यांनी मुलीला सांगायला हवे होते. त्यांनी सांगितले नाही. मला सांगता येत नव्हते.

दुसऱ्या दिवशी हजेरीला मृणाली म्हणाली, "काही नाही, बाई." त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. वर्ष संपेपर्यंत तेच. आधी ती आईचा हात धरून यायची. आता ती तीन पावले मागून चालू लागली. बाई कधी वळून बघत नसत. फक्त त्यांचे चालणे हळू झाले होते. शनिवारी सकाळी त्यांच्या हातात मी असे, म्हणून मला ते कळले.

होडी बरीच वर्षे माझ्यात होती. मग तिला कीड लागली आणि बाईंनी एक दिवस भुसा झाडून टाकला.

पुढे शाळेत भिंतीवर मोठा टीव्ही आला. चित्रे, गाणी, सगळे त्यातच दिसू लागले. मला कपाटावर ठेवले गेले. माझ्या बिजागऱ्या गंजल्या, पालीने माझ्यामागे अंडी घातली. तशी कितीतरी वर्षे गेली.

गेल्या जूनमध्ये बाईंनी मला स्वतः खाली उतरवले. खोबरेल तेलाचे बोट बिजागऱ्यांवरून फिरवत त्या म्हणाल्या, "निवृत्तीला एकच वर्ष राहिलं. चल, हे आपल्या पद्धतीने करू."

ते वर्ष माझे सर्वांत चांगले वर्ष होते. मुलांनी जेटीच्या पायऱ्यांवर खडूच्या रेघा मारून भरती मोजली. शिंपले आणि वाळूचा गावाचा नकाशा केला. त्यात प्रणयने स्वतःचे घर शाळेपेक्षा मोठे काढले आणि ते लहान करायला तो शेवटपर्यंत तयार झाला नाही. गावातली गोदूआजी वर्गात येऊन जुन्या ओव्या सांगून गेली आणि जाताना "माजी पण हजेरी लावा गो बाय," म्हणाली. तिची चिठ्ठी आहे: "चष्मा घरी राहिला, म्हणून सगळा छान दिसला." जानेवारीत प्रत्येकाने ताटलीत समुद्राचे पाणी घेऊन खिडकीत उन्हात ठेवले. एक ताटली बाईंचीही होती. मीठ कधी होते ते पाहायचे होते.

बोटीतल्या त्या शुक्रवारनंतरच्या शनिवारी सकाळी बाईंनी मोजे, बटणे, सुईदोरा माझ्यात भरला. झाकण लावले. चहा टाकला आणि खुर्चीवर बसल्या. त्या उठल्या नाहीत. चहा आटून भांडे जळल्याचा वास आला, तेव्हा शेजारच्या सगुणाताई धावत आल्या.

पुण्यानुमोदनाला घर माणसांनी भरले. भंतेजींनी वंदना घेतली, बाईंच्या फोटोपुढे मेणबत्त्या लागल्या. मृणाली सगळ्यांना पाणी देत होती. ती रडली नाही. पाहुणे गेल्यावर तिने घर आवरायला घेतले आणि मला खाटेखालून ओढले. मोजे बाहेर काढले, चिठ्ठ्यांचे गठ्ठे बाहेर काढले. तळाच्या वर्तमानपत्राखाली लाल दोऱ्याने बांधलेली एक जुडी होती.

प्रत्येक चिठ्ठीवर आईच्या अक्षरात 'मृणाली' आणि तारीख. खाली काही नाही. पुढची चिठ्ठी, तशीच. त्याच्या पुढचीही. कपाटावरची वर्षे सोडली, तर बाईंनी वर्षावर्षाला तळाचा कागद बदलला होता, पण जुडी जिथल्या तिथे ठेवली होती.

मृणालीने जमिनीवर बसून शेवटच्या चिठ्ठीपर्यंत सगळ्या तारखा वाचल्या. मग तिने सगळे होते तसे भरले आणि शनिवारी मला घेऊन ती बोटीवर आली. गुणाजीने आज काही विचारले नाही. एक पर्यटक बॅग ठेवायला कोपऱ्यात आला, तेव्हा मात्र तो ओरडला, "तिकडं नको, शेट! ती बाईंची जागा हाय." मृणालीने मला तिथे ठेवले. ती स्वतः बसली नाही, माझ्याशेजारी उभी राहिली.

वर्गात नवे गुरुजी अजून आले नव्हते. मुलांनी आपली आपणच हजेरी सुरू केली होती. अमिषा फळ्यापाशी उभी राहून नावे पुकारत होती.

"दिपेश."

"बाईंच्या ताटलीत मीठ झालं."

अमिषाने ते लिहिले. मग तिचे लक्ष दाराकडे गेले. तिथे मला हातात घेऊन मृणाली उभी होती.

"ताई, आत यायचं तर सांगावं लागतं," अमिषा म्हणाली. "वाटेत काय पाहिलं? आणि 'काही नाही' म्हणालात तर कोरी चिठ्ठी ठेवावी लागेल."

मित्रांनो, माझी तुमच्याकडे फार मागणी नाही. वर्षातून एकदा बिजागऱ्यांना तेल लावा, ओल्या जमिनीवर ठेवू नका. गंजलेली पेटी पुन्हा घासता येते. पण घरातले कोणी रोज विचारत असेल, "काय पाहिलंस आज?" तर उत्तर रविवारवर ढकलू नका. विचारणारे माणूस जागा ठेवते, हे खरे. पण ते स्वतः कायमचे थांबत नाही.

मृणालीने मला टेबलावर ठेवले. लाल दोरा सोडला आणि सर्वांत वरची चिठ्ठी हातात घेतली. मुले वाट पाहत राहिली, त्यांना तशी सवयच होती.

"मी काही पाहिलं नाही असं नव्हतं, बाई," ती रिकाम्या खुर्चीकडे बघत म्हणाली. "तुमच्या साडीचा काठ चिखलात भिजायचा. एका हातात पेटी असायची. दुसरा हात मोकळा असायचा, जरासा मागे."

मग त्या वर्गात तिने आजवर कधीच न उच्चारलेला शब्द उच्चारला.

"आई, तू हळू चालायचीस. मला कळत होतं. वाटेत मी रोज तुलाच पाहत होते."