धारोष्ण

डेअरीत दुधाचा कॅन उघडला की आम्ही आधी झाकणाला नाक लावतो. कुबट वास आला की कॅन परत. एका गोठ्याचे कॅन मी इतक्यांदा परत पाठवले की शेवटी मालकाने आमच्याकडे दूध घालणंच बंद केलं. ब्याद टळली, असं मला वाटलं. थोड्याच दिवसांत त्याने रस्त्यावर पाटी लावली: धारोष्ण दूध, मशिनचा स्पर्श नाही. आणि त्याचं पहिलं गिऱ्हाईक कोण, तर माझा सख्खा दादा.

मुलगी झाल्यापासून दादाने फोनवर बघून बघून डोकं भरून घेतलं होतं. पिशवीतलं दूध म्हणजे नुसती पावडर, तापवलं की दुधातला जीव जातो, असलं काहीबाही. सकाळी मोटरसायकलवरून किटली आणायची आणि कोमट दूध तसंच लेकीच्या पेल्यात ओतायचं.

"दादा, शेणाचे हात न धुता धार काढतात रे तिथे. निदान उकळून दे तिला."

"उकळायचंच होतं तर पिशवी आणली असती की!"

"आम्ही तरी काय करतो? काही सेकंद तापवतो आणि लगेच गार करतो. जंतू मरतात. कॅल्शियम, प्रोटीन आहे तिथेच राहतं. एखादं जीवनसत्त्व जरासं कमी होतं, बस."

"तू कंपनीचीच टिमकी वाजवणार. पगार कोण देतं तुला?"

वहिनी तोंडाला पदर लावून हसली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दिवसभर दुधात हात असतात, म्हणूनच दुधाबद्दल माझं ऐकायचं नाही, हा कुठला न्याय?

एका रविवारी भाची माझ्याकडे होती. भूक लागली म्हणाली, म्हणून मी पिशवीतलं दूध गरम करून दिलं. गटागट प्यायली आणि पांढऱ्या मिशा घेऊन घरभर फिरली. न्यायला आलेल्या वहिनीने रिकामा कप पाहिला आणि पोरीच्या मिशा पदराने पुसल्या.

त्याच आठवड्यात पोरीला रक्ताचे जुलाब सुरू झाले. मग लघवी थांबली. हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कच्चं दूध देत होता का?" "हो, रोज," मीच म्हणाले. त्यातूनच जंतू गेला असणार, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. पोर वाचली, पण किडन्या कायमच्या अधू झाल्या.

मला माफी नको होती. चुकलं आपलं, एवढं जरी दादा म्हणाला असता तरी मी त्याच्या गळ्यात पडून रडले असते.

"तुझ्याकडे प्यायली, त्यानंतरच सुरू झालं हे," तो बाहेर येऊन म्हणाला.

"सवय नव्हती हो ताई तिला पिशवीची," वहिनीने री ओढली.

आता दादाच्या घरात दूधच बंद आहे. डॉक्टरीणबाईंनी तापवलेलं दूध मोजून द्यायला सांगितलंय, तरीही बंद. पोरीचे पाय काटकुळे झालेत आणि चार पावलं चालली की ती कडेवर घे म्हणते.

परवा तिघं माझ्याकडे आली होती. मी चहासाठी दूध तापवत होते, तर भाची ओट्याशी येऊन उभी राहिली. नजर पातेल्यावरून हलेना.

"देऊ का गं थोडंसं?" मी हळूच विचारलं.

तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"नको आत्तू. तुझ्या दुधाने मी आजारी पडले."

"शहाणी गं माझी बाई ती," बाहेरून वहिनी म्हणाली.