शून्यावरचा काटा

मी मीटर बोलतोय. हल्ली आकडे लुकलुकवतात त्यांतला नव्हे, काचेखाली काटा हलवणारा, जुन्या वळणाचा. वीजदुरुस्तीच्या दुकानात बाकाच्या डाव्या कोपऱ्यात बसून असतो. बसून असतो म्हणजे अगदी बसूनच. काटा आता शून्यावरून उठत नाही.

मिस्त्रींनी मला आणलं तेव्हा त्यांचं लग्नही व्हायचं होतं. दुकानात आलेली इस्त्री असो की शेगडी, मला विचारल्याशिवाय त्यांनी ती कधी परत दिली नाही. माझ्या काळ्या वायरीला खोचायला एकच घर, पण लाल वायरीला दोन: एक व्होल्टचं, एक अँपिअरचं. दाब मोजायचा तर एका घरात, प्रवाह मोजायचा तर दुसऱ्यात.

"व्होल्ट आणि अँपिअर म्हणजे नवरा-बायको," मिस्त्री म्हणायचे. "एकाचंच ऐकून निकाल द्यायचा नाही."

दोघांचं ऐकलं की कागद न घेता हिशेब. दोनशे तीस व्होल्ट, पाच अँपिअर. भागले की अडथळा, शेहेचाळीस ओहम. गुणले की ताकद, साडेअकराशे वॅट. एकदा शेगडी घेऊन आलेल्या काकूंना ते म्हणाले, "हिने पाच ओढायला हवेत, ही सात ओढतेय. आतल्या तारेचे वेढे एकमेकांना चिकटलेत. अडथळा घटला म्हणून ताकद वाढली. आज ऊब देईल, उद्या घर पेटवेल." काकूंनी शेगडी ठेवून घ्यायला सांगितलं.

त्यांची लेक ठकू. शाळा सुटली की याच बाकावर बसून पाढे म्हणायची, पुढे सोल्डरिंगही इथेच शिकली. तिला मिस्त्रींचा एकच दंडक: काम झालं की लाल वायर आधी व्होल्टच्या घरी, मग चहा. चहा निवला तरी चालेल. "अगं, अँपिअरच्या घरात असताना याच्या पोटात अडथळाच नसतो," ते सांगायचे. "तसाच भिंतीतल्या सॉकेटला लावलास तर दोनशे तीसला कशाने भागशील? जवळजवळ शून्याने. उत्तर फार मोठं येतं, बाई."

ठकूने मनाशी खूणगाठ बांधली. विसरले ते मिस्त्रीच.

आधी किरकोळ. पेचकस हातात धरून पेचकस शोधणं. त्याला मीही हसलो. मग एक दिवस शेगडी मोजून म्हणाले, "अडथळा साडेअकराशे ओहम." भागायच्या जागी गुणलं होतं. ठकूला वाटलं, बाबा थट्टा करताहेत. ती हसली. मिस्त्री हसले नाहीत, तेव्हा तिचंही हसू आटलं.

आणि मग ती दुपार. मिस्त्रींनी पंख्याचा प्रवाह मोजला. तेवढ्यात शेजारचा शिंपी पान खायला आला, गप्पा झाल्या. तो गेला आणि मिस्त्रींनी दाब बघायला मला उचलून भिंतीतल्या सॉकेटला लावलं. लाल वायर अँपिअरच्या घरातच होती. मला कळत होतं. पण मला तोंड कुठे आहे?

मोठा जाळ झाला. दुकान अंधारलं, माझ्या पोटातला फ्यूज गेला आणि मिस्त्रींची बोटं भाजली. ठकू धावत आली, त्यांचा हात पाण्याच्या बादलीत धरून बसली. ते सारखं विचारत होते, "लाल वायर घरी गेली होती ना गं?" ती म्हणाली, "गेली होती, बाबा. मीटरच खराब झालाय."

माझ्यावर आळ आला. येऊ दे. त्यांच्यावर येण्यापेक्षा बरा.

त्या दिवसापासून चालू विजेचं काम ठकू करते, तिच्या नव्या मीटरवर. तो ती खिशात ठेवते. मिस्त्री प्लग काढलेल्या इस्त्रीवर माझी टोकं टेकवून बसतात आणि विचारतात, "याला कधी दुरुस्त करतेस?" ती म्हणते, "सामान यायचंय." जिच्या हातात मेलेला रेडिओ बोलायला लागतो, ती रोज हे सांगते आणि मान वळवते. मला फार वाईट वाटतं.

काल तिची पाठ वळलेली असताना मिस्त्रींनी मला उघडलं. स्क्रू ओळीने मांडले, जुनी सवय. आत बघून म्हणाले, "ठकू, अगं काहीच नाही झालेलं. एवढासा फ्यूज गेलाय. हे तर आपल्या खणात असतात."

ठकूने वळून हातातलं काम खाली ठेवलं. मिस्त्रींनी खणाकडे पाहिलं. मग तिच्याकडे. मग आपल्या बोटांवरच्या डागांकडे, बराच वेळ.

"संपले असतील," ते म्हणाले.

"हो, बाबा. संपलेत."

"मग राहू दे."

त्यांनी माझं झाकण लावलं, चारही स्क्रू आवळले. लाल वायर काढून व्होल्टच्या घरात बसवली, ओढून पाहिली, आणि मग चहा मागितला.

आयुष्यभर दुसऱ्यांच्या वस्तू दुरुस्त झालेल्या पाहिल्या, आणि आता माझं मागणं उलटं आहे. मला दुरुस्त करू नका. कधी या दुकानात आलात आणि म्हाताऱ्याच्या हातात मेलेला मीटर दिसला, तर शहाणपणा सांगू नका. खण थोडा उघडा असेल, फ्यूज दिसतील. तेवढा खण लोटून घ्या.