सईचा घाट

इंग्लंडात वाटेवरच्या फाटकावर निळा बाण असला, की तिथून सायकल न्यायला कुणाला विचारावं लागत नाही. फाटक उघडायचं, पलीकडे जायचं, वळून लावून घ्यायचं.

बेसन मंद आचेवर भाजतात. हात थांबला की तळाला लागतं.

"डोंगर दाखव की लेका! जपानात जाऊन टॉवरचे फोटो काय टाकतोस?" (केदार, पुण्याहून)

चेस्टनटचं बोंड काटेरी असतं. दोन बुटांमध्ये धरून दाबलं की उकलतं.

जपानात सायकल ट्रेनमध्ये चालते, पण चाकं काढून, पिशवीत घालून, आतली सायकल दिसणार नाही अशी.

म्हाताऱ्या माणसाचं मनगट लवकर जुळत नाही.

*

कावासाकीच्या घरात सई जेवायला टेबलावर असायची, पण नसल्यासारखी. शैलेंद्रनं मराठीत काही विचारावं आणि चौदा वर्षांच्या त्या पोरीनं जपानीत एका शब्दात वाटेला लावावं, असं चाललेलं. "वय आहे तिचं," त्याची बायको कादंबरी म्हणायची. सगळ्यावर ती हेच म्हणायची.

फक्त रविवारी सकाळी दोघं बापलेक सायकलींच्या पिशव्या खांद्याला लावून पश्चिमेकडची ट्रेन धरत. तासाभरानं टेकडीवर चाकं मातीला लागली, की पोरीला वाचा फुटायची. तीही मराठीत.

"बाबा, मूळ आहे, डावीकडून!"

"दिसलं गं."

"दिसलं तर ब्रेक कशाला दाबतोस आजोबांसारखा?"

तेवढ्यासाठी तो तोयोसुच्या ऑफिसातला आठवडा रेटायचा. ही टेकडी गेली तर सई आपल्याशी बोलायची थांबेल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. कुणी विचारलं असतं तर त्यानं ते लपवलंही नसतं.

टेकडी ओगावा नावाच्या म्हाताऱ्या जोडप्याची. खाली त्यांची चेस्टनटची झाडं, वर बांबू आणि मधून लाकूडफाट्याची जुनी वाट. सायकलचं दुकान चालवणाऱ्या मोरिता-साननी नऊ वर्षं त्यांचा पडलेला बांबू ओढून, गवत कापून, ती वाट आपल्या दहाबारा माणसांसाठी मिळवलेली. नियम थोडेच होते. माणूस दिसला की सायकलवरून उतरायचं. नमस्कार आधी आपण करायचा. हँडलला घंटी बांधायची. आणि टेकडी कुठं आहे हे बाहेर कुणालाही सांगायचं नाही.

हा शेवटचा नियम शैलेंद्रच्या गळी कधी उतरला नाही. डोंगरातली सायकल तो शिकला इंग्लंडात, कंपनीच्या कंत्राटावर असताना. गादीवर चादर सैल टाकावी तशा तिथल्या टेकड्या. मेंढ्यांच्या मधून, गव्हाच्या कडेकडेनं वाट जायची, समोरून घोडेस्वार आला की तोच हात करायचा. नकाशात वाट आहे म्हणजे ती सगळ्यांची, हे तिथं त्याच्या अंगात मुरलं. लपवायचं ते काय, चोरीची आहे का?

तेव्हा पुण्यातल्या मित्रानं, केदारनं, डिवचल्यावर त्यानं फोनमधला टेकडीचा मार्ग सायकलवाल्यांच्या ॲपवर सगळ्यांना खुला केला आणि त्याला पाठवून दिला. शेवटच्या उताराला कौतुकानं नाव दिलं, सईचा घाट.

केदारनं अंगठा पाठवला. मार्ग मात्र एकट्या केदारनं पाहिला नव्हता.

*

ऑगस्टपासून अनोळखी लोक यायला लागले. आडवारी, संध्याकाळी, सईच्या घाटावर कोण किती लवकर उतरतो याच्या शर्यतीसाठी. सप्टेंबरात वळणावर ओगावा आजोबा टोपली घेऊन वर चढत होते. येणाऱ्याला वाट द्यायला ते बाजूला झाले आणि घसरले. सायकलवाला थांबला नाही. मनगट मोडलं.

मोरिता-साननी सगळ्यांना निरोप धाडला. त्यात उताराचं नाव जसंच्या तसं होतं.

सईनं फोन बापासमोर धरला. "माझं नाव कशाला दिलंस?"

"अगं, प्रेमानं..."

"मला विचारलंस?"

*

माफी मागायला तिघं गेली. मोरिता-सान, शैलेंद्र आणि बोलण्यासाठी सई. शैलेंद्रचं जपानी स्टेशनावर आणि दुकानात पुरेल इतपतच. मोरिता-साननी आधीच बजावलेलं, वाका, माफी मागा, कारणं सांगू नका. पण कारण न देता माफी मागणं शैलेंद्रला कोडगेपणाचं वाटत होतं. ओगावांच्या दारात आजी गुडघ्यांवर बसल्या होत्या, मागं आजोबा, गळ्यात हात अडकवलेले.

शैलेंद्र म्हणाला, "माझा हेतू वाईट नव्हता. मी इंग्लंडात होतो, तिथं वाटा सगळ्यांसाठी खुल्या असतात."

सईनं जपानीत सांगितलं, "माफ करा."

शैलेंद्र म्हणाला, "आमच्याकडे चांगली जागा मिळाली की चार जणांना सांगतात. मनात दुसरं काही नव्हतं."

सईनं सांगितलं, "खरोखर माफ करा."

शैलेंद्र म्हणाला, "आजोबांना दवाखान्यात न्यायला मी रजा काढीन. मुलासारखा समजा."

सईनं सांगितलं, "पुन्हा होणार नाही."

आजींनी तिच्याकडे पाहिलं. "घाटाच्या नावातली साई-सान म्हणजे तूच का?" एवढं शैलेंद्रलाही कळलं. सई कपाळ जमिनीला टेकेल इतकी वाकली. शाळेच्या गॅदरिंगलासुद्धा स्टेजवर न चढणारी पोर.

त्यांनी नेलेली मिठाईची पेटी आजींनी घेतली. आत गेल्या, बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात चेस्टनट भरून आणले आणि दोन्ही हातांनी शैलेंद्रला दिले.

बाहेर रस्त्यावर मोरिता-सान बोलले ते सईनं मराठीत सांगितलं. वसंतात पुन्हा विचारून बघतो, बहुतेक हो म्हणतील. तोवर कुणी इकडे फिरकायचं नाही.

शैलेंद्रनं फक्त 'हो म्हणतील' ऐकलं.

*

"आजींनी डबा भरून दिला!" घरात पाऊल टाकताच त्यानं कादंबरीला सांगितलं. "राग असता तर दिला असता का?"

"बाबा, आपण दिलं, त्यांनी दिलं, संपलं. आता जायचं नाही, असा अर्थ आहे त्याचा," सई बूट काढता काढता म्हणाली. जपानीत म्हणाली, मग बापाचा चेहरा बघून मराठीत.

"आणि डबा? ठेवून घ्यायचा त्यांचा?"

"त्यांना नकोय तो."

"कुणाचं भांडं ठेवून घेत नसतात, सई. आणि रिकामं तर मुळीच परत देत नसतात."

"रिकामं कसं देणार?" कादंबरीनं कढई काढली. "बेसनाचे वळते."

"आई, तू पण?"

"गप गं. चार लाडवांनी कुणाचं वाईट होत नाही."

*

इकडून: बेसनाचे लाडू, आजींच्याच डब्यात. शैलेंद्र एकटा, चालत, सायकल न घेता. (सायकल नेली नाही, म्हणजे नियम मोडला नाही, असं त्याचं मत.)

तिकडून: पर्सिमनची फळं, जाळीच्या पिशवीत. आजी दारातच तीनदा वाकल्या.

इकडून: चिवडा. पिशवीही धुऊन, घडी घालून.

तिकडून: वाळवलेली अळंबी, दुकानातली, खोक्यात.

इकडून: करंज्या. दिवाळी होती.

तिकडून: चहाचा डबा, मोठ्या दुकानाच्या कागदात, वर रेशमी दोरी.

"बघ, मान वाढत चाललाय," शैलेंद्र दोरीकडे बघत म्हणाला. तो आता घरात त्यांना 'आपल्या ओगावा आजी' म्हणत होता.

सईनं कागदावरचं दुकानाचं नाव वाचलं. "हे त्यांच्या गावात मिळत नाही. बसनं शहरात गेल्या असतील. आजोबांना एकटं ठेवून."

"माणसं करतात गं प्रेमानं."

"तू गेलास म्हणून करतात."

"म्हणजे?"

"म्हणजे तू गेलास म्हणून!" इतकं ओरडून ती खोलीत गेली. त्या महिन्यातलं दोघांचं सर्वात लांब बोलणं हे एवढंच.

शैलेंद्र डबा हातात घेऊन उभा. नाही म्हटलं तरी मनात कुठंतरी खट्ट झालं. पण मार्च येऊ द्या, वाट उघडेल, सायकली मातीला लागतील, मग ही आपोआप बोलेल, असं त्यानं स्वतःला समजावलं. माणूस दुसरं काय करणार.

*

मोरिता-सान घरी आले नाहीत. कावासाकी स्टेशनच्या तिकीट फाटकाशी बोलावलं, सईला घेऊन. गर्दी दोन्ही बाजूंनी वाहत होती आणि ते खांबाला लागून टोपी हातात धरून उभे होते. बराच वेळ बोलले. थांबले, घसा साफ केला, पुन्हा बोलले. शैलेंद्र ओळखीचे शब्द वेचत राहिला. ओगावा, लाडू, त्रास.

सईनं सांगितलं, "वाट बंद. सगळ्यांसाठी. कायमची."

"वसंतात विचारणार होते ना?"

"त्यांनीच आधी फोन केला. आजी रडल्या फोनवर. दर वेळी तुला काय द्यायचं, याची चिंता करून रात्री झोप लागत नाही म्हणाल्या. वाट असली की माणसं येणार, म्हणून वाटच नको."

"अगं, मग सांगायचं ना मला! मी नसतो गेलो!"

"मी सांगितलं होतं."

फाटकं टिकटिक उघडत, मिटत होती. शैलेंद्रनं विचारलं, "पण ते एवढा वेळ बोलले. बाकी काय म्हणाले?"

"बाकी माफी होती. तुला नीट शिकवलं नाही म्हणून ते आपली माफी मागत होते."

मोरिता-सान वाकले. शैलेंद्रही वाकला, त्यांच्याहून खाली जायला बघत. तर ते आणखी वाकले. मधे सई उभी होती. नऊ वर्षांचा बांबू, नऊ वर्षांचं गवत, आणि त्या माणसानं एक वाकडा शब्द उच्चारला नाही. उच्चारला असता तर बरं झालं असतं.

घरी जाताना शैलेंद्र म्हणाला, "रविवारी दुसरीकडे बघू या का? नदीकाठानं सरळ रस्ता आहे."

"बेत्सुनि," सई म्हणाली. म्हणजे काही नाही, विशेष काही नाही, असं तसंच.

त्यानं ॲपवरून मार्ग पुसला. लोकांनी उतरवून घेतलेला होता, तो त्यांच्याकडे राहिला. ओगावांनी वाटेच्या तोंडाशी बांबू आडवे बांधले, असं डिसेंबरात कुणीतरी त्याला सांगितलं. बघायला तो गेला नाही.

"हा चहा फोडू का?" कादंबरीनं एका सकाळी विचारलं. शैलेंद्र सईकडे बघत होता. सई कानात गाणी घालून टोस्ट खात होती.

गेल्या मार्चमध्ये सईची सायकल घेताना शैलेंद्रनं मुद्दाम एक माप मोठी घेतली होती, वाढत्या अंगाची. ती दाराशी पिशवीतच होती.