विनीता ऊर्फ मारिसेल आणि मी

मी नारळ बोलतोय. शिरोड्याच्या पुढे खाडीकडेला एक वाडी आहे, तिथला. मला तीन डोळे आहेत, पण लोकांना वाटतं ते नुसते शोभेचे. म्हणून माझ्यासमोर सगळे बिनधास्त बोलतात.

माझा माड जितेंद्रच्या खानावळीच्या मागे. एवढ्या उंचावर खालचं नुसतं ऐकू यायचं. भांडी, कोंबड्या आणि एक बाई. "भक्ती, चप्पल घाल गो! ओमकार, ता तोंडात नको घालू रे!" अगदी अस्सल मालवणी. मला वाटायचं, असेल पलीकडच्या वाडीची. मला पाडून खाली आणलं तेव्हा कळलं, ती फिलिपिन्सची.

तिचं नाव मारिसेल. जितेंद्र मोठ्या प्रवासी बोटीवर स्वयंपाकी होता, ती तिथेच खोल्या आवरायची. पर्यटक म्हणून त्याचं गाव बघायला आली आणि राहिली. भात, मासे, माझे भाऊबंद, तिच्याकडेही हेच खातात. जितेंद्रची आई यशोदा म्हणाली, "आमच्या गावची नसली तरी आमच्या चुलीची आसा." आणि लग्न लागलं.

लग्नात ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने बायकोचं नवीन नाव लिहितो. जितेंद्रने लिहिलं, विनीता. मग देवळात बाबू मानकऱ्याने गाऱ्हाणं घातलं, की ही विनीता आता तुझ्या गावची, हिला सांभाळ. सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

झालं. गाव हो म्हणाला, देव हो म्हणाला. सरकारला विचारायचं कुणाला आठवलंच नाही. लग्नाची नोंद करतानाही जितेंद्रने विनीताच लिहून दिलं. त्याच्या बायकोचं नाव विनीता होतं, त्याचं तरी काय चुकलं?

भक्ती झाली तेव्हा मारिसेलचा व्हिसा चालू होता. मग तो संपला. घरात दूध नासलं की वास येतो. व्हिसाला वास येत नाही. त्यानंतर ओमकार झाला.

हे सगळं बाहेर पडलं ते तिला तिच्या आईला नातवंडं दाखवायची होती म्हणून. तिकीट काढायला गेले तर तिकीटवाल्याने पासपोर्ट उलटापालटा केला आणि म्हणाला, आधी वकील गाठा.

वकीलबाई सावंतवाडीच्या, नाव समीक्षा. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून यशोदाने पिशवीत नारळ घातले. त्यात मी.

वकीलबाईंनी सगळं ऐकलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाल्या, "जिच्याशी तुमचं लग्न झालंय ती विनीता भारतात कधी आलेलीच नाही. आणि जी मारिसेल आली, तिचं लग्नच झालेलं नाही."

"पण दोघी एकच आसत!" जितेंद्र म्हणाला.

"ते तुम्हाला माहीत आहे. आता मलाही माहीत झालं. अजून कुणाला माहीत नाही."

"मगे आता काय आसा?"

"तुमच्या खानावळीत तीननंतर माणूस जेवायला आला तर काय सांगता?"

"उरलेला आसता ता सांगतंय. मासे संपले, भात थोडो आसा."

"तसंच आहे हे. खऱ्या नावाने लग्न नोंदवून दोन वर्षं झाली असती आणि व्हिसा चालू असता, तर परदेशी जोडीदाराला मिळतं ते कायमचं कार्ड मागता आलं असतं. ते संपलं. आधी नावांचा घोळ सोडवू. मग इथेच राहून व्हिसा सुरळीत करून द्या, असा अर्ज टाकते, पण मुदत फार उलटलीय, आशा ठेवू नका. नाही जमलं तर दंड भरायचा, बाहेर जायची परवानगी घ्यायची, स्वतःच्या देशात जायचं आणि तिथून बायको म्हणून व्हिसा मागायचा."

"देतले?" यशोदाने विचारलं.

"देतात. कधीकधी परत येऊच देत नाहीत. ते आधी कळत नाही."

मारिसेल पुढे सरकली. तिने विचारलं, "पोरां?"

"भक्ती इथली. ओमकार जन्मला तेव्हा तुमचा व्हिसा संपला होता. म्हणून कायद्याने तो जन्माने इथला धरत नाहीत. तो तुमच्या देशाचा."

"म्हणजे सावंतवाडीत जन्मलेलो माझो नातू परदेशी?" यशोदा उठून उभी राहिली. "मेल्याक अजून चड्डी घालूक येणा नाय!"

"ती अट नाही," वकीलबाई म्हणाल्या.

निघताना त्यांनी बाकीचे नारळ ठेवून घेतले आणि मला तेवढा परत दिला. "हा देवाकडे ठेवा. लागेल."

वकिलाने देवाकडे पाठवलेला मी आमच्या माडावरचा पहिलाच.

देवळात बाबू मानकऱ्याने मला हातात घेतला आणि तोंड उघडलं, तेवढ्यात यशोदाने अडवलं. "बाबू, खरा नाव घे. मागच्या वेळेक थंयच घोळ झालो."

"पण यशोदाबाय, देव तिका विनीता म्हणानच वळाखता. आता दुसरा नाव घेतलंय तर देव म्हणतलो, ही खंयची नवी?"

"मगे दोनय घे!"

बाबूने घसा खाकरला. "बा देवा म्हाराजा! तुझ्या गावची सून विनीता ऊर्फ मारिसेल कागदाच्या फेऱ्यात गावली आसा!"

"व्हय म्हाराजा!"

"तिचो मार्ग मोकळो कर! आणि पोरांची आई पोरांवांगडा रवांदे!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज भक्तीचा.

काम झालं की मला फोडायचं, असं ठरलं. तोवर मी देवघराच्या फळीवर. माझ्यातलं पाणी आटत गेलं, खोबरं सुटलं, हलवला की मी खुळखुळायला लागलो.

दरम्यान ओरोसला, जिल्ह्याच्या कचेरीत फेऱ्या झाल्या. पहिल्या दिवशी तिथल्या शिपायाने मारिसेललाच विचारलं, "ती परदेशी बाई खंय आसा?"

"मीच ती," ती म्हणाली.

"गप गो! तू शिरोड्याची."

हे ती घरी येऊन सांगत होती आणि सगळे हसत होते. तिला इथली मानणारा सरकारी माणूस भेटला तो एकच, आणि त्याच्याकडे सही करायचा अधिकार नव्हता.

नावांचा घोळ सुटला. इथे राहायचा अर्ज मात्र फेटाळला. दंड भरला. ओमकारला तिच्या देशाच्या वकिलातीने प्रवासाचा कागद दिला; भक्ती इथली, ती बापाकडेच राहणार होती. आणि बाहेर जायची परवानगी आली. देवाने गाऱ्हाण्याचा अर्धाच भाग ऐकला. मार्ग मोकळा झाला. बाहेर जायचा.

निघायच्या दिवशी यशोदाने मला सुनेच्या पिशवीत कोंबला. "देवाकडचो आसा, वाटेक सोबत. परत इलंस काय दोगीजणी मिळान फोडूया."

"आणि परत येवक नाय दिल्यानी तर?"

यशोदाने पिशवीची चेन लावली. अडकत होती, तरी लावली.

विमानतळावर मारिसेलचे कागद दोघांनी बघितले, शिक्का मारला, जा म्हणाले. मग पिशवी यंत्रातून गेली आणि पट्टा थांबला.

"सूखा नारियल अलाउड नहीं है, मॅडम."

"देवाचो आसा तो," ती मालवणीतच बोलून गेली. जवान कुठल्यातरी लांबच्या गावचा असावा. त्याने नुसता काढून घेतलेल्या सामानाच्या टपाकडे हात केला. राहायचं होतं तिला जायला लावलं, आणि जायला निघालेल्या मला राहायला लावलं.

तिने मला काढलं. ओमकार खांद्यावर झोपलेला. "भायर माझो घोव आसा, तेका तरी द्या," असं म्हणाली, पण मागची रांग पुढे सरकली. माझी शेंडी जरा सारखी केली आणि मला टपात ठेवलं.

आता मी इथे आहे. सोबत लायटर, कात्र्या आणि कुणाच्यातरी लोणच्याची बरणी. पुढे आम्हाला कुठे नेतात, यांच्यापैकी कुणालाच माहीत नाही. मीही विचारणं सोडलंय.

तुम्ही बाहेर जाणार असाल तर माझं एक काम करा. पार्किंगमध्ये एक पांढरी व्हॅन असेल, मागच्या काचेवर खानावळीचं नाव. विमान गेलं तरी ती हललेली नसणार. जितेंद्रकडे नको, सरळ मागच्या दाराकडे जा. मागच्या सीटवर भक्ती आहे. ती रुसली असणार, भावाने टाटा केला नाही म्हणून. तिला सांगा, बायो, तो झोपला होता. दारातून आत आल्यावर तुझ्या आईने त्याचा हात धरून काचेकडे हलवला, मी चेनच्या फटीतून बघितलं. खूप वेळ हलवला. तुला गर्दीत दिसला नाही, एवढंच.