भिंगरीच्या दारातलं पायपुसणं

मी एक पायपुसणं बोलतोय. काथ्याचं, चौकोनी, मधोमध एक फूल विणलेलं. ते फूल आता दिसत नाही. त्यावर इतके पाय पडलेत की त्याचा रंग कोणता होता, हे मलाही धड सांगता येणार नाही. घरात एखाद्याला किंमत नसली की 'माझं पायपुसणं करून ठेवलंय' असं तो म्हणतो. मला त्यात कधी अपमान वाटला नाही. माझं कामच ते. त्या कामामुळेच एका लहान मुलीचं दुखणं सापडलं, म्हणून आज हे चार शब्द.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथे बायका काथ्या भिजवायच्या, पिंजायच्या, दोर वळायच्या आणि मागावर आम्हाला विणायच्या. मला विणणारी भारी बोलकी होती. शेजारची तिला बजावायची, "तोंड चालव, पण हात सैल सोडू नकोस. सहा महिन्यांत टक्कल पडेल त्याला." तिनं मला घट्ट विणलं. एकदा आत गेलेली धूळ सहज बाहेर येऊ नये, इतकं घट्ट.

पुढे एका दुकानात मी बरेच दिवस गुंडाळून पडलो होतो. एके दिवशी एक आजी आल्या. त्यांनी मला उलटंसुलटं केलं, वास घेतला, तळवा घासून पाहिला.

"टोचतंय हो हे."

"आजी, पायपुसणं आहे ते, उशी नाही," दुकानदार म्हणाला.

आजींना उत्तर आवडलं असावं. त्यांनी मला काखेत मारलं आणि घरी आणलं.

घर पहिल्या मजल्यावर होतं. दारातून आत आलं की अरुंद बोळ, त्यात चपलांचं कपाट, पुढे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. आजी, त्यांचा मुलगा, सून आणि नात, अशी चार माणसं. सून खिडकीपाशी मशीनवर शाळेचे गणवेश शिवायची. नात नुकती चालायला, बोलायला लागली होती. एका जागी ठरायची नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. तिची आवडती जागा मी होतो. माझ्यावर बसून ती बाहुलीला जेवू घालायची, आणि बाहुलीनं नको म्हटलं की तो घास स्वतः खायची.

आजींचा स्वच्छतेचा कटाक्ष भलता. संध्याकाळी मुलगा कामावरून आला की आतूनच हाक यायची, "पाय पूस रे नीट." तो बिचारा आज्ञाधारक. आधी एक बूट, मग दुसरा, टाच, बाजू, सगळं माझ्यावर घासायचा. तेवढ्यात भिंगरी धावत यायची आणि तो तिला तसाच उचलून घ्यायचा. ती त्याच्या सदऱ्यात तोंड खुपसायची. दिवसभर त्या घरात याहून गोड काही घडत नसे.

आजी मला रोज गॅलरीच्या कठड्यावर आपटत. एकदा खालच्या मजल्यावरच्या काकू कडाडल्या, "अहो, तुमचं घर लख्ख आणि आमची धुतलेली चादर काळी! वा!" आजी वरून काहीतरी तिखट बोलल्या, पण मनातून ओशाळल्या. शेजाऱ्यांना आपला त्रास नको, असं त्यांनी ठरवलं. दुसऱ्या दिवसापासून त्या मला घरातच, बोळात आपटू लागल्या आणि मग केरसुणीनं बोळ झाडू लागल्या. धूळ उडायची, हळूहळू खाली बसायची. ती कुठे बसते, याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

भिंगरी बिघडत गेली ती इतकी सावकाश, की घरातल्यांना पटकन कळलंच नाही. आधी जेवण कमी झालं. मग पोट धरून रडणं सुरू झालं. चेहरा फिका पडला. आजी म्हणाल्या, दात येत असतील. बाबा म्हणाला, जंत असतील. जंतांचं औषध झालं, टॉनिक झालं, पाणी उकळून गाळून झालं. मग एक दिवस तिनं 'बाहुली' म्हणायचं सोडलं. नुसतं बोट दाखवायला लागली. येणारे शब्द असे एकेक करून निघून जाताना पाहिल्यावर मात्र आईनं मशीन बंद केलं आणि तिला मोठ्या दवाखान्यात नेलं.

रक्त तपासलं. त्यात शिसं निघालं.

"शिसं?" आजी बोळात उभ्या राहून विचारत होत्या. "ती काय पेन्सिली खाते का?"

"पेन्सिलीत नसतं ते आई," सून म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, घरातच कुठूनतरी जातंय पोटात. ते सापडेपर्यंत औषधाचा फारसा उपयोग नाही. आणि असंच चालू राहिलं तर..."

मग आरोग्य खात्याच्या तपासनीस बाई आल्या. खांद्याला पिशवी, हातात पिस्तुलासारखं यंत्र. भिंतीवर रोखून दाबलं की रंगात काय काय आहे ते आकड्यात दाखवणारं.

"अहो, भिंतीला कशाला गोळी घालताय?" आजी घाबरल्या.

"मरत नाही ती," बाई म्हणाल्या आणि पुढे सरकल्या.

त्यांनी खिडक्या पाहिल्या, नळाचं पाणी बाटलीत घेतलं, भिंगरीची खेळणी तपासली, मसाल्यांचे नमुने घेतले. आजींच्या सासूबाईंच्या वेळच्या कढईवर यंत्र धरलं, तेव्हा आजींनी श्वासच रोखला. कढई निर्दोष निघाली.

"बघा! मी म्हटलं नव्हतं?" आजी म्हणाल्या. त्यांनी तसं काहीच म्हटलं नव्हतं.

मग बाईंनी विचारलं, "मुलीचे वडील काय काम करतात?"

"मोठ्या कारखान्यात सुपरवायझर आहे," आजी झटकन म्हणाल्या. "हात काळे करायचं काम नाही आता त्याचं."

बाईंनी ते लिहून घेतलं. सून काहीतरी बोलणार होती, पण सासूचा अभिमान तिला मोडवला नाही.

काही दिवसांनी बाई परत आल्या. पाणी स्वच्छ, मसाले स्वच्छ, भांडी, खेळणी, भिंती, सगळं स्वच्छ. आईनं अगदी हळू विचारलं, "मी तिला चुकीचं काही भरवलं नाही ना?"

"नाही. तुमच्या स्वयंपाकघरात काहीच दोष नाही."

आई पाठ करून उभी राहिली आणि ओट्यावरच्या डब्याचं झाकण, जे लागलेलंच होतं, ते पुन्हा दाबून लावत राहिली. तिच्या मनावरचं एक ओझं तेव्हा उतरलं. पण लेकीचं पोट दुखायचं थांबलं नव्हतं, आणि आता शोधायला जागाही उरली नव्हती.

बाई निघाल्या. बोळात बसून बूट घालत होत्या, तेवढ्यात बाबा आला. माझ्यावर बूट घासले. भिंगरी हल्ली धावत नव्हती, तरी हात पसरून आली. त्यानं तिला उचललं. तिनं सदऱ्यात तोंड खुपसलं.

बाईंचे हात बुटाच्या नाडीवर तसेच थांबले.

"कारखाना कशाचा आहे तुमचा?"

"बॅटऱ्यांचा. जुन्या फोडून आतलं शिसं वितळवतात."

"आणि तुम्ही?"

"मी नुसता देखरेखीला. हात लावत नाही कशाला, म्हणून हे मनातही आलं नाही. तिथेच उभा असतो दिवसभर."

"आधी तिला खाली ठेवा," बाई मऊ आवाजात म्हणाल्या. त्यांनी यंत्र काढलं, त्याच्या सदऱ्यावर धरलं, बुटांवर धरलं, आणि मग वाकून माझ्यावर. जन्मात पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याकडे इतकं निरखून पाहत होतं. आकडा बघून त्यांनी यंत्र पुन्हा एकदा माझ्यावर दाबलं.

"घाणेरडं नाही हो ते," आजी म्हणाल्या. "रोज आपटते मी."

"कुठे?"

आजींनी बोळातल्या फरशीकडे बोट दाखवलं आणि ते बोट तिथेच राहिलं. त्यांना समजलं होतं.

बाबा दारातच खाली बसला. "म्हणजे मीच आणलं हे."

"तुम्ही नाही, कारखान्यानं घरी धाडलं," बाई म्हणाल्या. "तिथे अंघोळीची सोय आहे? कपडे बदलायला जागा?"

"हात धुवायला एक नळ आहे. तोही कधी कधी."

"मग सुपरवायझरसाहेब, उद्या मी तुमच्याकडेच येतेय."

त्यांनी मला जाड प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, तोंड बंद केलं, वर चिठ्ठी लावली. जाताना आजींचा हात धरून म्हणाल्या, "आजी, यानं एवढं धरून ठेवलं म्हणून तरी सापडलं. आता केरसुणी नको. सगळं ओल्या फडक्यानं पुसा."

तेव्हापासून मी त्यांच्या कचेरीतल्या कपाटात आहे. काचेतून सगळं दिसतं, ऐकू येतं. कारखान्याच्या मालकानं आधी हुज्जत घातली, मग काम बंद पडायची वेळ आली तेव्हा न्हाणीघरं बांधली, कामाचे कपडे तिथेच धुवायची सोय केली. खात्यानं इतर कामगारांची मुलंही तपासली. काहींच्या रक्तात शिसं निघालं, वेळेवर निघालं. बाई एकदा फाइल मिटताना सहकाऱ्याला म्हणाल्या होत्या, "मागे एका घरी मी उशिरा पोचले होते." त्यानं फक्त चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला.

परवा फोन वाजला, बाईंनी स्पीकर चालू केला. भिंगरीची आई होती. दवाखान्याचा नवा अहवाल हातात आला होता. शिसं पुष्कळ उतरलंय, आणखी उतरेल, असं डॉक्टर म्हणाले होते. पोट दुखत नाही. जेवते. मागून आजींचा आवाज आला, "जेवते काय, आमचं ताट पळवते!" मग फोन भिंगरीच्या हातात गेला. बाईंनी विचारलं, "काय करतेस गं?" तिकडून ठणठणीत उत्तर आलं, "तू कोण? मी नाही सांगणार!"

बाईंनी फोन ठेवला, खुर्चीत मागे रेलल्या आणि बराच वेळ स्वतःशीच हसत बसल्या. खोलीतला ताण इतका सैल झाला की ते पिशवीतही मला जाणवलं.

आता प्रकरण मिटलं. विषारी कचऱ्याच्या पक्क्या खड्ड्यात माझी रवानगी होणार आहे. वाईट वाटत नाही. जाण्याआधी एवढंच सांगतो. घरातलं मूल उगाच मलूल दिसू लागलं, तर 'होईल बरं आपोआप' म्हणून थांबू नका. तपासायला कुणी आलं, तर घरातलं माणूस काय काम करतं ते आडपडदा न ठेवता सांगा. पोट भरायच्या कामाची लाज कसली?

दारातून निघताना माणसं 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. परत यायचं असतं त्यांना. मला यायचं नाही. माझ्यावाचून ते घर सुखात आहे, हे मी ऐकलंय. म्हणून अगदी मोकळ्या मनानं म्हणतो, जातो मी.